दारव्वाचा कौल

"चावी?" पिंटो मॅडमनी विचारलं.

मी मालकांकडे बघितलं. मालकांनी सुपरवायझरकडे बघितलं. सुपरवायझरनं कुलपाकडे बघितलं, जणू तेच आता तोंड उघडणार होतं.

"वॉचमनकडं असते," मालक म्हणाले.

"मग बोलवा त्याला."

"गावाला गेलाय. मेहुणीचं लग्न आहे. परवा येतो."

"आणि चावी?"

"त्याच्या करगोट्याला असते, मॅडम. फार विश्वासू माणूस आहे."

पिंटो मॅडमनी दारावरचा लाल अक्षरातला 'संकटकालीन मार्ग' हा बोर्ड वाचला. मग त्याच्याखालचं कुलूप वाचल्यासारखं बघितलं. "आणि आज आग लागली तर?"

मालक खरोखरच विचारात पडले. "तशी वेळ आलीच," ते म्हणाले, "तर फोन करून बोलावून घेऊ की त्याला."

मॅडमनी पर्समधून टेप काढला, दार मोजलं, कुलूपही मोजलं. कुलूप कशाला मोजलं हे मला आजतागायत कळलेलं नाही. केबिनमध्ये येऊन कागदावर एकच ओळ लिहिली आणि मालकांच्या टेबलावरचा चहा, काजू, पेढे सगळं होतं तसंच ठेवून त्या उठल्या. "सहा महिन्यांनी येईन. कळवून येणार नाही. त्या दिवशी दार बंद सापडलं तर तुमची ऑर्डरही बंद."

या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. सोलापुरात अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत, आमचा कारखाना होता. खाली कटिंग, वर शिलाई. वर चौसष्ट बायका परदेशी लेकरांचे फ्रॉक शिवायच्या. फ्रॉक विकत घेणाऱ्या कंपनीला तिकडची गिऱ्हाइकं विचारायला लागली होती, की हे शिवतं कोण, कसं आणि कोणत्या हालात. म्हणून कंपनी मुंबईहून पिंटो मॅडमना पाठवायची. मी तिथं पर्सोनेल ऑफिसर होतो. प्रभाकर हिप्परगी, वय सव्वीस. समाजकार्याच्या पदवीला 'कामगार कल्याण' या विषयात विद्यापीठात दुसरा आलो होतो. पहिला आलेला बँकेत लागला होता.

माझं काम म्हणजे रजिस्टरं. आगीच्या सरावाचं रजिस्टर मी वर्षातून दोनदा, एकाच बैठकीत, दोन वेगळ्या पेनांनी भरायचो. यालाच मी कामगार कल्याण समजत होतो.

मालक श्रीनिवास म्याकल हे मनानं वाईट नव्हते. कुणा कामगाराच्या मुलीचं लग्न असलं की मुलीच्या बापाच्या आधी ते रडायचे. पण मागचं दार उघडं राहिलं की फ्रॉक आणि बायका दोन्ही त्यातून निसटतात, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. पिंटो मॅडमची गाडी गेटाबाहेर पडताच त्यांनी मला केबिनमध्ये घेतलं.

"हिप्परगी, कुलूप काढायचं."

"होय मालक."

"पण दार उघडायचं नाही."

"म्हणजे कसं?"

"ते मला काय विचारता? शिकलेत ना तुम्ही? डोस्कं चालवा की."

डोकं चालवत मी पुढच्या जिन्यानं वर निघालो, आणि मला उत्तर भिंतीवरच दिसलं. पूर्वी हा जिना पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल असायचा. मग मालकांनी कोपऱ्याकोपऱ्यात देवांच्या चित्राच्या फरशा बसवल्या आणि थुंकणं बंद झालं. मी म्हटलं, देवावर थुंकायला जो भितो तो देवाला ओलांडायलाही भिणारच. कुलपाला चावी लागते, देवाला तीही लागत नाही.

नवरात्र होऊन महिना झाला होता. पूर्व भागातल्या एका मूर्तीवाल्याकडे एक देवी शिल्लक होती. दोन फूट उंच, रंग थोडा उडालेला, हातात कमळ असावं किंवा झारा.

"ही कुठली देवी?" मी विचारलं.

"तुम्हाला कुठली पायजे?" तो म्हणाला.

ती देवी मी मागच्या दाराच्या आत, बरोबर उंबऱ्यात, स्टुलावर बसवली. नारळ फोडला आणि कुलूप काढलं. त्यानंतर महिनाभर त्या दाराकडे चिटपाखरू फिरकलं नाही. मालकांनी खूश होऊन मला शर्टपीस दिला. आपल्याकडे हुशारी आहे हे मला माहीत होतंच, पण ती अशी शर्टपीस होऊन हातात आली की बरं वाटतं.

दाराला सगळ्यांत जवळचं मशीन काजाचं होतं, आणि त्यावर नरसव्वा गाजुल बसायची. पन्नाशीची, अंगानं भक्कम, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. शिलाईला येण्याआधी वीस वर्षं तिनं विड्या वळल्या होत्या. अख्ख्या लाइनीत मला घाबरत नसलेली ती एकटीच, आणि मी घाबरायचो तीही एकटीच.

"सायेब," एक दिवस तिनं मला थांबवलं, "ही कुठली अव्वा आणलाव?"

"लक्ष्मी आहे."

"लक्ष्मीच्या हातात झारा?"

"ते कमळ आहे."

"असंल. पण तोंड आमच्याकडं केलाव, पाठ दाराला केलाव. राखण कुणाची करलाली ही? दाराची का आमची?"

"दोघांची," मी म्हणालो आणि तिथून सटकलो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं सगळ्या बायकांना सांगून टाकलं, की ही लक्ष्मी नाही न् कोण नाही, दारात बसलेली अव्वा, म्हणजे आई, म्हणून ही दारव्वा. देवीला नाव मिळालं आणि माझ्या हातून देवी सुटली.

आधी हळदीकुंकू सुरू झालं. मग मंगळवारचा नैवेद्य. सुई बोटात गेली तर दारव्वाला लिंबू, लाइट गेली तर दारव्वाला उदबत्ती. मग एका शनिवारी सुपरवायझरनं उद्या रविवारी कामावर यायचं म्हणून सांगितलं. नरसव्वा म्हणाली, "अव्वाला इचारते," आणि तिनं कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यानं एकेक फूल चिकटवायचं. उजवं आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. चौसष्ट बायका श्वास धरून उभ्या राहिल्या. डावं पडलं.

सुपरवायझर माझ्याकडे आला, मी मालकांकडे गेलो. मालक स्वतः वर आले, फुलाकडे बघितलं आणि हात जोडले. "देवीच नाही म्हणते म्हटल्यावर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. तो रविवार बायकांना मिळाला. पुढचाही. त्याच्या पुढचाही. दारव्वाला रविवारचं काम मुळीच पसंत नव्हतं.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशी माझी गत. मालकांना मी काय सांगणार, की देवी खोटी आहे, मी मूर्तीवाल्याकडून घासाघीस करून आणलीय? शर्टपीस तर शिवूनही झाला होता.

त्याच सुमारास नरसव्वानं मला फ्रॉकला लावायचं लेबल दाखवलं. त्यावर हसरं पान होतं आणि खाली इंग्रजीत बारीक ओळी. "चार वर्सं झाली, हे बघलालेय. काय लिवलंय ह्यावर?"

मी वाचून मराठीत सांगितलं. "हा कपडा बनवताना कोणत्याही माणसाला किंवा पृथ्वीला त्रास दिलेला नाही."

नरसव्वानं ते लेबल उलटंसुलटं करून बघितलं. "पृथ्वीला इचारलं असतील," ती म्हणाली. "मला तर कोण इचारलं नाही."

माघात कंपनीचा फोन आला. चाळीस हजार फ्रॉकांची ऑर्डर, पण पुढच्या तपासणीत पास झालात तरच. फोन आला तेव्हा मालक नेमके दारव्वापुढे उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. देवीला संगमरवरी देव्हारा करायचा असं तिथल्या तिथं ठरलं, आणि कुठं करायचा हे अर्थात नरसव्वाला विचारण्यात आलं.

तिनं कौल लावला, डोळे मिटले, उघडले. "अव्वाला आत घुसमटलालंय. कापसाचं भुसकट, मशीनीचा आवाज. तिला बाहीर वाऱ्याला बसायचंय."

"बाहेर म्हणजे?"

"दाराच्या पलीकडं. जिन्याच्या वर."

मागच्या दाराबाहेर लोखंडी जिना होता आणि त्याच्या माथ्यावर ऐसपैस मोकळी जागा. तिथल्या भिंतीत कोनाडा खोदून मालकांनी देव्हारा केला. आता देवी बाहेर म्हटल्यावर दर्शनाला दार उघडं हवं. सकाळी आठला दार उघडायचं ते संध्याकाळीच मिटायचं. जे दार बंद ठेवायला मी देवी आणली, ते दार देवीनंच सताड उघडलं. मालक कुरकुरले, पण चाळीस हजार फ्रॉक देणाऱ्या देवीपुढे बोलणार काय?

मग निघाली प्रदक्षिणा. देऊळ म्हटलं की प्रदक्षिणा लागतेच की, असं नरसव्वा म्हणाली. भिंतीतल्या कोनाड्याला प्रदक्षिणा घालणार कशी? तर अख्ख्या इमारतीलाच. दर शुक्रवारी दहा वाजता सगळ्यांनी मशीन बंद करायचं, मागच्या दारानं बाहेर, लोखंडी जिना उतरून अंगण, अंगणातून वळसा घालून पुढच्या जिन्यानं परत वर. पुढं हातात निरांजन घेऊन एकजण. नरसव्वा मात्र सगळ्यात शेवटी. अंगणात पोचली की ती प्रत्येकीच्या खांद्याला हात लावून मोजायची.

पहिल्या शुक्रवारी या सगळ्याला अकरा मिनिटं लागली.

"हिप्परगी," मालक म्हणाले, "देवाचं देवाला दिलं पायजे. पण अकरा मिनिटं? चौसष्ट मशिनी अकरा मिनिटं बंद? जरा आवरा की."

मी शिट्टी आणि स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलो. पहिल्या नजरेतच लक्षात आलं की सगळ्या एकदम दाराकडे धावतात आणि तिथं चेंगरतात. मग मी नियम केला, दाराजवळची रांग आधी, मग तिच्या मागची. जिन्यावर एकामागे एक, डावा हात कठड्याला. कठडा हलत होता, एकीचा पदर त्यात अडकून फाटला, म्हणून तो वेल्डिंग करून घेतला. अंगणात खोक्यांची थप्पी वाटेत यायची, ती हलवली. चपला शोधण्यात दोन मिनिटं जायची. मी म्हणालो, देवाला जाताना चपला कशाला? दर शुक्रवारी मी जिन्याखाली शिट्ट्या फुंकत ओरडायचो, "थांबू नका! बोलू नका! मागं वळून बघू नका!"

अकराची सात मिनिटं झाली, सातची पाच. सगळ्याजणी खाली उतरायला तर तीन मिनिटंही लागेनात. हे सगळं करताना आपण नेमकं काय करतोय हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. कामगार कल्याणात दुसरा नंबर!

एकच गोष्ट खटकायची. अंगणात मोजून झालं की नरसव्वा म्हणायची, "पासष्ट."

"चौसष्ट," मी म्हणायचो. "मस्टर माझ्याकडे आहे, नरसव्वा."

"तुमचं मस्टर तुमच्याकडं. माझं माझ्याकडं."

मी हसायचो. बाईला मोजता येत नाही, काज मात्र बिनचूक घालते, असं मी सुपरवायझरला म्हणायचो आणि तोही हसायचा.

पिंटो मॅडम आल्या त्या मंगळवारी, भर एप्रिलात. मालकांनी काजू मागवले, मॅडमनी पाण्याची स्वतःची बाटली काढली. रजिस्टरं बघितली. आगीच्या सरावाच्या पानावर थांबल्या, निळ्या आणि काळ्या शाईकडे बघितलं आणि पान उलटलं. मग सरळ वर, मागच्या दाराशी. दार उघडं होतं, वारा येत होता.

"हे काय?" त्यांनी कोनाड्याकडे बोट केलं.

"श्रद्धास्थान," मी म्हणालो.

त्यांनी टेप काढून जिन्याचा माथा मोजला. देव्हारा भिंतीत होता, वाटेत काही येत नव्हतं. मालकांनी माझ्याकडे बघून समाधानानं मान हलवली, आणि तेवढ्यात पिंटो मॅडमनी हात वर करून भिंतीवरचं लाल बटण दाबलं.

आगीची घंटा. ती कधी कुणी वाजवलीच नव्हती. ती वाजते हीच मला बातमी होती. आता बायका एकमेकींची तोंडं बघणार, मग किंचाळणार, मग पुढच्या जिन्याकडे पळणार, ऑर्डर जाणार आणि तिच्यामागून मी. मशिनी थांबल्या. एक क्षण कुणी हललं नाही.

मग नरसव्वा उठली. "मंगळवारी बोलावलीय अव्वानं," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "चला गं!"

दाराजवळची रांग उठली. एकीनं कोनाड्यातलं निरांजन उचललं. डावा हात कठड्याला, एकामागे एक, चपलांकडे बघणं नाही, बोलणं नाही. मागची रांग, तिच्या मागची. माझ्या हातात स्टॉपवॉच कधी आलं मला कळलंही नाही. आणि सवयीनं मालकही हात जोडून तिसऱ्या आणि चौथ्या रांगेच्या मधे घुसले आणि गंभीर चेहऱ्यानं जिना उतरू लागले.

दोन मिनिटं वीस सेकंद. अंगणात सगळ्या उभ्या. पिंटो मॅडम बोटानं मोजत होत्या. "चौसष्ट बायका आणि एक मालक. पासष्ट."

नरसव्वाचंही मोजून झालं होतं. "मालकाला धरून सहासष्ट," ती म्हणाली.

मी घाईघाईनं म्हणालो, "त्यांचं जरा कच्चं आहे, मॅडम."

मॅडमचं तिकडे लक्ष नव्हतं. "वीस वर्षं हे काम करतेय, असं कुठं बघितलं नाही. सराव कोण घेतं यांचा?"

चौसष्ट बोटं माझ्याकडे वळली.

"वर्षातून किती वेळा?"

"दर शुक्रवारी!" बायका एकसुरात म्हणाल्या.

पिंटो मॅडमनी माझं रजिस्टर परत उघडलं. वर्षातून दोनदा. त्यांनी रजिस्टर मिटलं. "रजिस्टरमध्ये न केलेलं लिहिणारे मला रोज भेटतात," त्या म्हणाल्या. "केलेलं लपवणारे तुम्ही पहिलेच."

आम्ही पास झालो. अहवालात एकच सूचना होती. 'आगीच्या सरावात सर्वांत पुढच्या व्यक्तीने हातात पेटता दिवा घेऊ नये.' त्या दिवशी मॅडम पेढासुद्धा खाऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर नवं कोरं कुलूप होतं. पितळी, सात लिव्हरचं, मुठीपेक्षा मोठं.

"आता वर्षभर कोण येत नाही," ते म्हणाले. "शुक्रवारी उघडायचं, प्रदक्षिणा झाली की लावायचं. देवी बाहेरच आहे, तिला काय त्रास आहे? चावी तुमच्याकडं ठेवा. वॉचमनपेक्षा तुमच्यावर विश्वास."

मी "होय मालक" म्हणालो. त्या नोकरीत ते दोन शब्द माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडायचे.

जेवणाची सुट्टी होती. बायका खाली लिंबाखाली डबे उघडून बसल्या होत्या. जिन्याच्या माथ्यावर नरसव्वा एकटीच देव्हाऱ्यातलं तेल पुसत होती. तिनं आधी माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आणलाव का? मला वाटलंच. पास झालं की येणार."

"मालकांचा हुकूम आहे. मी काय करू?"

"तुम्ही काय करू नका. लावा." ती तेल पुसत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशीच कळलं होतं मला. कुलूप काढून देवी बसवलाव. म्हटलं, कुलपाशी बोलता येत नाही, मालकाशी बोलून उपेग नाही. देवीशी बोलून बघू."

उन्हानं कुलूप तापलं होतं.

"माझ्या मोजण्याला हसलाव तुम्ही. दर शुक्रवारी."

"नरसव्वा, मस्टरवर खरंच चौसष्ट..."

"माझी धाकटी भैन होती. पोशव्वा. टावेलच्या कारखान्यात होती, लई वर्सं झाली. एका खोलीत आठ माग, बाहीरनं कुलूप. चोरी होती म्हणून लावायचा तिचा मालक. आग लागली तवा चावी त्याच्या घरी व्हती." ती थांबली. कापडाची घडी केली, उलगडली, परत केली. "चावी आणायला माणूस गेला सायकलवर. एकोणीस वर्साची व्हती, सायेब. तिला कुणी बाहीर काढून मोजलंच नाही. म्हणून मी मोजते. सगळ्या उतरल्या की शेवटी ती उतरती. मग मी वर येते."

मला रडू आलं. आवरायचा प्रयत्न केला, आवरलं नाही. एका हातात ते सात लिव्हरचं कुलूप आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसणारा कामगार कल्याणातला दुसरा नंबर. आजही आठवलं की लाज वाटते. रडण्याची नाही, त्या शर्टपीसची.

जरा वेळानं मी नाक पुसून विचारलं, "गूळ आहे का?"

"काय?"

"नैवेद्याचा गूळ. उजव्या फुलाला लावता तो."

नरसव्वा माझ्याकडे बघतच राहिली. "तुम्हाला म्हाईत व्हतं?"

"पहिल्या रविवारपासून."

"मग बोलला नाहीत?"

"रविवारी मलापण सुट्टी मिळायची."

ती हसली. पदराआडून तिनं गुळाचा खडा काढून दिला. मी दोन फुलं घेतली, उजव्याला गूळ नीट चोळून लावला, डाव्याला नुसतं पाणी. देवीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवली आणि मोठ्यानं, खालच्या बायकांनाही ऐकू जाईल असं विचारलं, "आई दारव्वा, दाराला कुलूप लावू का?"

एप्रिलातलं ऊन. मिनिटभरात पाणी सुकलं आणि डावं फूल टपकन पडलं. उजवं चिकटून राहिलं ते तिसऱ्या दिवशी नखानं खरवडून काढावं लागलं.

मी मालकांच्या केबिनमध्ये गेलो. "कुलूप लावलं?" त्यांनी विचारलं.

"देवी नको म्हणाली, मालक. कौल लावला होता. मीच लावला."

"तुम्ही लावला?" मालकांनी पंख्याकडे बघितलं. त्यांना कळलं असेल का, मला माहीत नाही. गुळाचा वास माझ्या बोटांना येत होता. "मग कुलूप कुठाय?"

"तिच्या पायाशी ठेवलंय. अर्पण केलं."

"मग आता कसं परत घेणार?" ते म्हणाले. "देवाला दिलेलं." आणि त्यांनी काजूची बशी माझ्याकडे सरकवली.

दोन वर्षांनी मी ती नोकरी सोडली. पुढं पुण्याला गेलो, कपड्यांच्याच कारखान्यांत तपासणीचं काम करू लागलो. टेप बाळगतो. ही गोष्ट सांगितली की लोक विचारतात, मग पुढं तिथं आग लागली का? नाही लागली. एकोणीस वर्षांत एकदाही नाही.

गेल्या महिन्यात एका कामासाठी सोलापूरला गेलो होतो. मालक आता थकलेत, कारखाना त्यांची मुलगी बघते. नरसव्वा दोन वर्षांपूर्वी वारल्याचं गेटवरच कळलं. वर गेलो. मागचं दार उघडं होतं. कोनाड्यात मूर्ती होती, आणि तिच्यापुढं शेंदराची पुटं चढलेलं काहीतरी गोलसर. त्यावर चांदीचे डोळे बसवलेले.

"हे काय आहे?" मी काजाच्या मशीनवरच्या मुलीला विचारलं.

"हीच खरी दारव्वा," ती म्हणाली. "मूळ ठाणं. मूर्ती मागनं बसवली म्हणतात."

मी कुलपाला हात जोडले.

शुक्रवारच होता. दहाला मशिनी थांबल्या. दाराजवळची रांग, मग तिच्या मागची. डावा हात कठड्याला. दिवा मात्र आता विजेचा, सेलवर चालणारा होता. मी आधीच खाली जाऊन लिंबाखाली उभा राहिलो होतो. ती काजवाली मुलगी सगळ्यात शेवटी उतरली आणि एकेकीच्या खांद्याला हात लावून मोजू लागली.

"एक्क्याण्णव," ती म्हणाली.

"तुम्ही नव्वद आहात ना? फळ्यावर तसं लिहिलंय."

"होय की. पण इथं एक जास्त मोजायची पद्धत आहे. का ते म्हाईत नाही, पयल्यापासून आहे."

मी वर जिन्याच्या माथ्याकडे बघितलं, जिथून नरसव्वा सगळ्यात शेवटी उतरायची.

"आता दोन जास्त मोजत जा," मी म्हणालो.

"दोन?"

"दोन."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. वेडा नसावा, जुना माणूस दिसतोय, असं काहीतरी तिनं मनाशी ठरवलं असावं. मग ती बायकांकडे वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "ब्याण्णव. चला वर."